बीएमपीचा हेडर वाचताना भलतेच आकडे येतात? या चुका टाळा

बीएमपी या चित्र-फाइलचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, वाचणारा सीमधला प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल झाला. चालवल्यावर 'पिक्सेल कुठून सुरू होतात' याचं उत्तर आलं २६२१४४०. फाइल अख्खी ७८ बाइटची! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फाइलच खराब समजून मी ती तीनदा नव्याने सेव्ह केली. फाइल बिचारी ठणठणीत होती.

असा आकडा आला की कोडला हात लावण्याआधी तो आकडाच फोडून बघा. २६२१४४० म्हणजे ४० गुणिले ६५५३६. बीएमपीत दोन हेडर लागोपाठ असतात. ४० (हेक्स २८) हा दुसऱ्या हेडरचा आकार, तो दोन बाइट सरकून शेजारच्या खान्यात शिरलाय. ३ बाय २ पिक्सेलच्या २४-बिट चित्राचे पहिले १६ बाइट हेक्समध्ये (१६च्या पायाच्या अंकांत) असे दिसतात:

४२ ४डी ४ई ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ३६ ०० ०० ०० २८ ००

पहिल्या हेडरचा हिशोब असा: 'बीएम' या खुणेचे २, फाइलच्या आकाराचे ४, राखीव २ आणि २, पिक्सेलच्या सुरुवातीचे ४. बेरीज १४. पण सीमध्ये हाच हेडर स्ट्रक्ट (खान्यांचा गट) म्हणून लिहिला, की चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावर यावा म्हणून कंपायलर खुणेनंतर दोन बाइट रिकामे सोडतो. साइजऑफ विचारलं तर १६ सांगतो. मग फाइलचा आकार शून्य दिसतो, दुसऱ्या राखीव जागेत ५४ (हेक्स ३६) सापडतात, आणि शेवटच्या खान्यात आपले ते सव्वीस लाख. राखीव जागेत ५४ दिसले की पुढे शोधायचं काही उरत नाही.

प्रॅग्मा पॅक १ (रिकामी जागा सोडू नको, ही कंपायलरला सूचना) लावलं की हे सुटतं. मी मात्र एकेक बाइट वाचून आकडा स्वतः जोडतो. चार ओळी जास्त लागतात, पण मशीन बदललं तरी झोप उडत नाही. पायथनवाल्यांनीही हसू नये: स्ट्रक्ट मॉड्यूलच्या फॉरमॅटमध्ये सुरुवातीचं < विसरलात तर तिथेही १६च.

आकड्यांसाठी सीमधला लाँग हा प्रकार वापरू नका. विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४-बिट लिनक्सवर ८चा. नेहमी ४ बाइटचाच राहणारा इंट३२_टी घ्या.

बीएमपीत आकड्याचा लहान बाइट आधी येतो, पीएनजी या दुसऱ्या चित्र-प्रकारात मोठा. ६४० रुंदी ०० ०० ०२ ८० अशी लिहिलेली असते. बीएमपीच्या सवयीने उलटी वाचलीत तर २१४७६१४७२० मिळेल. आणि विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, नाहीतर टेक्स्ट मोड ०डी ०ए या जोडीतला एक बाइट गिळतो. पीएनजीच्या ८ बाइटच्या खुणेत ही जोडी मुद्दाम घातली आहे, म्हणजे असा घोळ पहिल्याच तपासणीत पकडला जातो.

हेडर बरोबर, तरी चित्र तिरकं? बीएमपीची प्रत्येक ओळ चारच्या पटीत भरलेली असते. आपल्या चित्रात ओळीला ९ बाइट लागतात, फाइलमध्ये १२ असतात. पिक्सेलच्या सुरुवातीचा ५४ (१४ अधिक ४०) हा आकडाही कोडमध्ये ठोकून बसवू नका, कारण नव्या प्रकारचा दुसरा हेडर १०८ किंवा १२४ बाइटचा असतो. चित्राच्या आकाराचं खानं शून्य असेल तर घाबरू नका, बिनकॉम्प्रेशनच्या फाइलला ते चालतं. उंची उणे असणंही कायदेशीर आहे. तेव्हा ओळी वरून खाली लिहिलेल्या असतात. ही उंची अनसाइन्डमध्ये (उणे आकडे नसलेल्या प्रकारात) घेतली, की उणे ४८० चे ४२९४९६६८१६ होतात आणि मेमरी मागणारा मॅलॉक बहुधा शून्य पॉइंटर हातावर ठेवतो, म्हणजे मेमरी देतच नाही.