सोनमर्गचा बर्फ एका दिवसात बघायचाय? मग या चुका टाळा

परभणीच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये, हे मलाही मान्य. ४४ अंशांत आपण लग्नं लावतो, पंगती उठवतो. पण हाच ताठा घेऊन नवरा-बायको मे महिन्यात श्रीनगरहून सोनमर्गला, तिथल्या थाजीवास हिमनदीच्या बर्फावर जातात आणि भाजलेल्या वांग्यासारखी तोंडं घेऊन परततात. दर वर्षी कुणी ना कुणी असतंच. आम्हीही त्यातलेच.

त्या दिवशी हवा गार, ऊन कोवळं वाटत होतं. बायको म्हणाली, "अहो, गॉगल घेऊ का दोन?" मी म्हणालो, "जगात जर्मनी अन् भारतात परभणी! आपल्याला काय होतंय?" डोक्याला उपरणं गुंडाळून चार तास फोटो काढले. रात्री हॉटेलात तिच्या डोळ्यांचं पाणी खळेना. "वाळू गेल्यागत टोचतंय," म्हणे. माझी हनुवटी खालून सोललेली, नाकपुड्यांच्या कडाही भाजलेल्या. उपरणं वरचं ऊन अडवतं. हे खालून आलं होतं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, आणि उंचीवर ती मुळातच जास्त. गारव्यामुळे चटका कळत नाही. डोळ्यांचा त्रास तर सहा-बारा तासांनी सुरू होतो, म्हणून तिथं असताना सगळं छानच वाटतं.

मी आता घरूनच चांगले, बाजूनं झाकणारे यूव्ही गॉगल नेतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी, हनुवटीखाली, नाकाखाली, कानांवर. कोल्ड क्रीम म्हणजे सनस्क्रीन नव्हे, हे किती जणांना सांगायचं! डोळे जळायला लागलेच तर चोळू नका. अंधार करून ओली गार दस्ती ठेवा आणि डॉक्टर गाठा.

दुसरी चूक उशिराची. श्रीनगर ते सोनमर्ग सुमारे ८० किलोमीटर. जानेवारी २०२५ मध्ये गगनगीरजवळचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लोक "आता काय, जवळच" म्हणत दहाला नाष्टा करतात. बोगद्यानं घाट टळला, दुपार टळली का? उन्हं चढली की बर्फ मऊ पडतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. मी सहाला गाडीत असतो. नाष्टा वाटेत.

आणि ओढ्यावरचा बर्फ! वरून पांढरीशुभ्र गादी, खालून वितळलेलं पाणी वाहतंय आणि मधे पोकळी. ज्याला फोटोची घाई तो नेमका तिथंच उभा राहतो. पाण्याचा आवाज खालून आला तर मागं फिरा. वाट घोडेवाल्यांच्या पावलांचीच धरा, जवळची शोधू नका. बरं, पायथ्याशी लोळता तो बहुतेक गेल्या हिवाळ्याचा बर्फ. खरी हिमनदी वर, खडकांच्या कुशीत. ती लांबून बघायलाच बरी.

घोड्याचा दर बसण्याआधी ठरवा: कुठपर्यंत, किती वेळ, येणं-जाणं धरून की नाही. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. बुटं तिथं भाड्यानं मिळतात, पण मोजे आपले न्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं.

तापमान बघून स्वेटर घरी ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आपलं थंड हवेचं म्हैसमाळ हजार मीटर उंचीच्या आसपास. सोनमर्ग त्याच्या अडीचपट उंचावर.