बूट काढल्यावर शिट्टी कशी धरायची

गुडघा गेला, क्लबने यादीतून नाव काढलं, आणि मी म्हापशात पोरांना फुटबॉल शिकवायला लागलो. पहिला महिना वाया गेला, कारण मी स्वतःच खेळून दाखवत होतो. पोरं टाळ्या वाजवायची, शिकायची काही नाहीत.

म्हणून आधी बाजूला उभं राहायला शिका. अमेरिकन फुटबॉलमधला डेमेको रायन्स बघा. 2006 साली ह्यूस्टन टेक्सन्स या संघाने त्याला लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, म्हणून घेतलं, त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. एवढा मोठा खेळाडू, पण 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने कोचिंगची सुरुवात अगदी खालच्या पायरीवरून केली. व्हिडिओ बघा, टिपणं काढा, असलं काम. 2023 मध्ये त्याच टेक्सन्सचा तो मुख्य कोच झाला. तो खेळ वेगळा, पण पायऱ्या चढणं तेच.

आपल्याकडे कोचिंगचं आधी डी लायसन्स, मग सी, बी, ए. कोर्सची फी आणि वेळ काढावाच लागतो. तोवर वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक पोरासमोर एकच ओळ असते: ‘डावा पाय टाळतो’, ‘पास देऊन थांबतो’. डावा पाय टाळणाऱ्याला मी दोन चिऱ्यांचा गोलपोस्ट करून देतो आणि वीस वेळा डाव्यानेच मारायला लावतो. सहाव्या फटक्यापर्यंत चिडतो, मग घोटा आपोआप वळतो.

आणि शिट्टी कमी वाजवा. पावसात तर ती ऐकूच येत नाही.