दोन्ही फौजा घरच्याच : इंदूरमध्ये मिनिएचर वॉरगेमिंग सुरू करताना

टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, टेपने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे, फासे टाकून मारा आणि बचाव ठरवायचा. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे एवढंच, आणि यातच माणूस वर्षानुवर्षं रमतो. इंदूरमध्ये नवखा माणूस नियमांपाशी अडत नाही, प्रतिस्पर्ध्यापाशी अडतो. मोठे क्लब आहेत अशा शहरांत प्रत्येक जण आपली फौज घेऊन येतो. इथे समोर बसणारा तुमचा भाऊ, मैत्रीण किंवा कॉलनीतला शेजारी असणार आणि त्याच्याकडे एकही सैनिक नसणार. म्हणून सगळी तयारी एकाच ठरावाने करा : दोन्ही बाजूंच्या फौजा आपणच करायच्या, आणि त्या लहान ठेवायच्या. एका बाजूला 12, दुसऱ्या बाजूला 12. एका बाजूचे 60 सैनिक विकत घेणाऱ्याचे बहुतेक सैनिक डब्यातच राहतात. 24 रंगवणाऱ्याचा खेळ महिना-दीड महिन्यात उभा राहतो.

सैनिक घेण्याआधी एक लढाई खेळून बघा. खजुरी बाजारातून जाड कार्डशीट आणा, त्यातून 25 मिमी व्यासाच्या 24 चकत्या कापा, अर्ध्यांवर लाल आणि अर्ध्यांवर निळा ठिपका द्या. नायकासाठी एक रेघ जास्त. शिंपी वापरतात ती 60 इंची टेप घ्या, कारण बहुतेक नियम इंचांत लिहिलेले असतात. लुडोचे साधे सहा बाजूंचे फासे 12 तरी हवेत. नियमांसाठी सुरुवातीला पैसे मोजू नका. ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम मोफत उतरवता येतात, आणि त्यात मोजक्या सैनिकांच्या चकमकीसाठी वेगळे, छोटे नियमही आहेत. दोन्ही खेळाडू आळीपाळीने एकेक सैनिक हलवतात, त्यामुळे कोणालाच अर्धा तास नुसतं बघत बसावं लागत नाही. नवख्याला ही पद्धत सर्वांत सोयीची.

फाशांचं गणित डोक्यात ठेवलं की निर्णय सुधारतात. समजा सहा फासे टाकले आणि 4 किंवा जास्त आल्यावर नेम लागतो, तर सरासरी 3 नेम लागतात. समोरच्याला बचावासाठी 5 किंवा जास्त हवं असेल, तर तिघांतला एक वाचतो. सहा गोळ्यांमागे दोन माणसं. समोरचा आडोशाला गेला आणि नेमासाठी 5 लागू लागले की तेच सहा फासे जेमतेम एक-दीड माणूस पाडतात. आडोसा किती मोलाचा, हे पहिल्या लढाईतच कळतं.

पहिल्या खेळात हमखास होणारी चूक म्हणजे मोजणं. बेसच्या, म्हणजे सैनिकाखालच्या गोल चकतीच्या, पुढच्या कडेपासून मोजायला सुरुवात केली तर सैनिक थांबल्यावरही त्याची पुढचीच कड टेपच्या खुणेवर हवी. मागची कड खुणेवर आणली की प्रत्येक चालीत एक इंच फुकट मिळतो आणि सहा फेऱ्यांत लढाईच बदलते. दुसरी चूक, धैर्याची चाचणी विसरणं. अर्धी माणसं पडली की उरलेल्यांनी टिकायचं की ढळायचं, हे फासा ठरवतो. ती चाचणी वगळली तर प्रत्येक लढाई शेवटच्या माणसापर्यंत रखडते.

आता सैनिक. 28 मिमी म्हणजे साधारण पायापासून डोळ्यापर्यंतची उंची. चकमकीसाठी हाच आकार घ्या, कारण चेहरा, पट्टे, बंदूक रंगवताना दिसतात. 1/72 प्रमाणातले मऊ प्लास्टिकचे सैनिक स्वस्त पडतात, पण त्यावर रंग नीट धरत नाही आणि वाकलेल्या भाल्यावरून तो सुटतो. शेकडो माणसांच्या लढाया खेळायच्या असतील तर पुढे 15 किंवा 6 मिमीकडे वळा. एका टेबलावर दोन प्रमाणं मिसळू नका.

परदेशी पेटी मागवली तर वाहतूक आणि कस्टम्स धरून हिशेब करा. थ्रीडी प्रिंट करून घेणं हा सोपा मार्ग आहे, पण प्रिंट रेझिनचीच हवी, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकची. फिलामेंटच्या, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या, प्रिंटरवर 28 मिमीचा चेहरा ओबडधोबड येतो. तो घरं आणि भिंतींसाठी ठीक. ऑर्डर देताना थराची जाडी 0.05 मिमी किंवा कमी सांगा आणि थोडं लवचिक, ‘टफ’ प्रकारचं रेझिन मागा, नाहीतर संगिनी पहिल्याच धक्क्याला तुटतात. सैनिक हाताला चिकट लागला तर तो नीट क्युअर झालेला नाही, म्हणजे रेझिन पूर्ण घट्ट झालेलं नाही. हातमोज्याशिवाय धरू नका, परत द्या. बंदुकीची नळी वाकडी आली असेल तर चांगल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. खर्च अजिबातच नको असेल तर कागदी सैनिक : 200 जीएसएमच्या कार्डावर दोन्ही बाजू छापून, दुमडून, चिकटवून. दुरून ते छान दिसतात आणि खेळात काहीही कमी पडत नाही.

बेससाठी सियागंजमधल्या हार्डवेअरच्या दुकानातून एम-12 चे वायसर आणा. बाहेरचा व्यास 24 मिमी, म्हणजे नियमांतल्या 25 मिमी बेसच्या अगदी जवळ. वजनामुळे सैनिक कलंडत नाही. मात्र साधे लोखंडी, झिंक चढवलेले घ्या. स्टेनलेस स्टीलच्या बहुतेक वायसरना चुंबक धरत नाही, आणि चुंबकाचा उपयोग पुढे लागणार आहे. मधल्या भोकाला खालून टेप लावा, वरून एम-सील भरा, ओल्या बोटाने सपाट करा. तासा-दोन तासांत ते घट्ट होतं. नंतर डब्याच्या तळाला चुंबकी शीट चिकटवली की 24 सैनिक रिक्षात कितीही हादरले तरी जागचे हलत नाहीत.

प्लास्टिकचे भाग, ते ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यातून कापताना कटर भागाला लावून दाबू नका. आधी 2–3 मिमी लांबून कापा, मग उरलेला दांडा जवळून. एका झटक्यात कापलं की प्लास्टिक पांढरं पडतं किंवा खड्डा होतो. साच्याची बारीक रेघ ब्लेडच्या मागच्या, बोथट कडेने खरवडा. ती राहिली तर पुढे रंगात उठून दिसतेच. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सैनिक धुवा, कारण साच्यातलं तेल राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, सोलून निघतो.

गोंद पदार्थाप्रमाणे बदलतो. कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट, कारण ते पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एक करतं. धातू आणि रेझिनला फेव्हिक्विक. फेव्हिक्विक हवेतल्या दमटपणावर घट्ट होतं. एप्रिल-मेच्या कोरड्या इंदुरी हवेत ते रेंगाळतं आणि माणूस थेंबावर थेंब टाकत बसतो. त्याऐवजी अगदी लहान थेंब लावा, दुसऱ्या भागावर तोंडाने एक वाफ सोडा आणि 20 सेकंद दाबून धरा. पावसाळ्यात ते चटकन धरतं पण भोवती पांढरी भुकटी जमते. थेंब आणखी लहान करा आणि पंखा चालू ठेवा.

प्रायमरला हवामानाचा फटका सर्वांत जास्त बसतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा करडा स्प्रे प्रायमर चालतो. कॅन दोन मिनिटं हलवा, 20–25 सेंमी अंतर ठेवा, फवारा सैनिकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. एका जागी रोखून धरला की पट्टे-बटणं बुजतात. मे महिन्याच्या दुपारी थेंब हवेतच वाळतात आणि सैनिकावर वाळूसारखा खरखरीत थर बसतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मारा. जुलै-ऑगस्टमध्ये ओलाव्यामुळे थर पांढुरका, धुक्यासारखा येतो. अशा दिवसांत स्प्रे विसराच. पांढरा जेसो (कॅनव्हासला लावतात तो अस्तराचा रंग) थोडं पाणी घालून ब्रशने दोन हलके हात द्या. डिसेंबरात सकाळच्या थंडीत कॅन थुंकल्यासारखा उडतो. तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गॅसजवळ कधीही नेऊ नका. फवारणी नेहमी बाल्कनीत किंवा गच्चीवर, तोंडाला मास्क बांधून, मोठ्या खोक्याच्या आत.

रंगांसाठी फेव्हिक्रिल किंवा कॅमलचे अ‍ॅक्रिलिक पुरतात. सुरुवातीला काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा ऑकर, बर्न्ट अंबर, त्वचेचा एक रंग आणि चंदेरी, एवढे आठ. हे रंग जाड असतात, तसेच लावले तर चेहरा बुजतो. दुधाइतके पातळ करा आणि दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. लाल आणि पिवळा काळ्यावर कधीच नीट चढत नाही. लालाखाली तपकिरी, पिवळ्याखाली ऑकर द्या. पांढरा फेटा थेट पांढऱ्याने रंगवला तर चुन्यासारखा दिसतो, म्हणून फिका करडा लावून फक्त उंचवट्यांवर पांढरा ओढा. ब्रश दोनच, गोल 1 आणि 2 नंबरचे, टोक धरणारे. शून्याच्या मागे लागू नका, त्यात रंग राहतच नाही आणि टोकावरच वाळतो.

उन्हाळ्यात बशीतला रंग पाच-दहा मिनिटांत वाळतो. म्हणून ओली पॅलेट करा : घट्ट झाकणाचा सपाट डबा, तळाला ओले टिश्यू चार घड्या, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. मेण लावलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी झिरपत नाही. रंग त्यावर दोन दिवस टिकतो. पावसाळ्यात त्यालाच वास आणि बुरशी येते, तेव्हा टिश्यू दर दोन दिवसांनी बदला.

मूळ रंग वाळले की वॉश, म्हणजे खोबणीत उतरून सावली देणारा पातळ गडद रंग. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा, तेवढंच मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळायचं बिनरंगी, बिनचमकीचं माध्यम) आणि सहा-सात पट पाणी. नुसत्या पाण्यातला वॉश वाळताना कडेला डागांची रेघ सोडतो, मीडियम ते थांबवतं. बोअरिंगचं जड पाणी असेल तर फिल्टरचं वापरा. वॉश खोबणीत साचू द्या, सपाट भागावर तळं झालं तर कोरड्या ब्रशने टिपा, आणि तासभर हात लावू नका. मग मूळ रंग थोडा फिका करून, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून उंचवट्यांवरून फिरवा. हाच ड्रायब्रश. वॉश ओला असताना हे केलं तर सगळा चिखल होतो. या तीन पायऱ्यांत टेबलाच्या अंतरावरून सैनिक सुरेख दिसतो. डोळ्यांची बुबुळं काढायचा हट्ट पहिल्या 24 मध्ये धरू नका. शेवटी ब्रशने मॅट व्हार्निशचा एक हात.

बेसवर फेव्हिकॉल लावून चाळलेली बारीक वाळू पेरा. माळव्याची काळी माती हवीशी वाटते, पण प्रत्यक्ष माती वापरू नका : ती वाळताना आकसते, भेगा पडतात आणि थर सुटतो. वाळूच काळपट तपकिरी रंगवा, करड्याने ड्रायब्रश करा, कडेला काथ्याचे 4–5 मिमीचे तुकडे गवत म्हणून रोवा. माळवा तिथेच उभा राहतो.

मैदान तीन फूट बाय तीन फूट पुरे; जेवणाच्या टेबलावर प्लायचा तुकडा टाकला की झालं. टेकड्या थर्मोकोलच्या, पण स्प्रे थेट मारलात तर थर्मोकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि रंग मिसळून ब्रशने दोन हात द्या. कुंपणाला हिरवा स्क्रबर कापून. घरं 2 मिमी माउंट बोर्डची, दार 40 मिमी उंच. एवढ्या मैदानावर किमान आठ आडोसे ठेवा, आणि कुठूनही 18 इंचांपलीकडे सरळ दिसता कामा नये. मोकळं मैदान हा नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा आहे. त्यात बंदुकवाली बाजू दरवेळी जिंकते आणि समोरचा पुन्हा खेळायला येत नाही.

पहिली लढाई कुठली? इंदूरकराला महिदपूरच घ्यावीशी वाटावी. 21 डिसेंबर 1817 ला क्षिप्रेकाठी होळकरांच्या फौजेची ईस्ट इंडिया कंपनीशी गाठ पडली, आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला. कंपनीच्या फौजेला तोफांच्या माऱ्याखाली नदी उतरून थेट तोफांवर जावं लागलं. होळकरांचे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपाशी उभे राहिले, हे ब्रिटिश वृत्तांतांतही येतं. पूर्ण लढाई 24 सैनिकांत मावत नाही, पण तिचा एक कोपरा मावतो.

टेबलाच्या मधून 6 इंच रुंद नदी, मध्यभागी 5 इंचांचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा. उताराबाहेर नदी ओलांडताना निम्मी चाल. एका बाजूला कंपनीचे 11 शिपाई आणि एक अधिकारी. समोर काठापासून 8 इंचांवर होळकरांची एक तोफ, 4 गोलंदाज, 7 पायदळ आणि एक सरदार. दोन्ही काठांवर झाडी, पडकी घरं, बांध. उताराच्या रेषेत मात्र तोफेसमोरचा टापू मोकळा सोडा. तोफ एक फेरी सोडून एक फेरी डागायची, 4 फाशांनी; शत्रू 8 इंचांच्या आत आला तर छर्रे, 8 फासे. तोफ चालवायला किमान दोन गोलंदाज हवेत. गोलंदाजांना धैर्याची चाचणी नाही. आठ फेऱ्यांच्या आत कंपनीचा माणूस तोफेला भिडला आणि 6 इंचांत होळकरांचं कोणी उरलं नाही, तर कंपनी जिंकली, नाहीतर होळकर.

नव्या माणसाला होळकरांची बाजू द्या, तिच्यात करायचं कमी आणि ठरवायचं जास्त असतं. दोन तास धरा, मग बाजू बदलून तीच लढाई पुन्हा खेळा. कंपनी दोन्ही वेळा सहज जिंकली तर तिचे दोन शिपाई कमी करा. नदीतच संपत असेल तर अलीकडच्या काठावर एक पडकी भिंत वाढवा.