फॉस्फोरिलेज पाठ करू नका, उघडून बघा

बेळगावात मी बीएस्सीच्या शिकवण्या घेते. खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून आलेली हुशार मुलं ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजची (शरीरातला ग्लुकोजचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, तोडणाऱ्या एन्झाइमची) नोट घडाघडा म्हणून दाखवतात, पण "एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढला तर काय होईल?" म्हटलं की गप्प होतात. म्हणून मी सांगते तसं करून बघा.

आधी पेन्सिल घ्या. ग्लुकोजच्या दहा कड्यांची साखळी काढा, मध्ये एक फांदी द्या. मोकळ्या टोकाचा १,४ बंध (दोन कड्यांना जोडणारा) तोडायचा आहे. इथं घाई नको, सगळं मर्म इथंच आहे. बंध पाण्यानं नाही, फॉस्फेटनं तुटतो आणि ग्लुकोज-१-फॉस्फेट बाहेर येतो. त्यावर विद्युतभार असल्यामुळं तो पेशीबाहेर निसटत नाही, आणि पुढं ग्लायकोलिसिसमध्ये (ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेत) एक एटीपी वाचतो. तिथं पाणी शिरलं तर साधा ग्लुकोज मिळेल, म्हणून क्रियास्थान, म्हणजे जिथं बंध तुटतो ती जागा, एन्झाइमच्या आत खोल दडलेलं आहे. फांदीपासून चार कड्या उरल्या की हा एन्झाइम थांबतो, पुढचं काम डीब्रांचिंग एन्झाइमचं.

आता मोबाइल. प्रोटीन डेटा बँकेवर (प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहावर) १जीपीबी हा संकेत रोमन अक्षरांत टाका. सशाच्या स्नायूतला फॉस्फोरिलेज बी, म्हणजे १४ व्या सेरिनवर फॉस्फेट नसलेलं रूप, दिसेल. (जांबोटीकडच्यांनी रेंज असताना फाइल उतरवून ठेवावी.) एका साखळीत ८४२ अमिनो आम्लं, वजन सुमारे ९७ हजार डाल्टन. प्रत्यक्षात अशा दोन साखळ्या जोडीनं असतात. ६८० क्रमांकाचं लायसिन शोधा. त्याला बी-६ जीवनसत्त्वापासून बनलेलं पायरिडॉक्सल फॉस्फेट चिकटलेलं आहे. इतर बऱ्याच एन्झाइमांत त्याचा अल्डिहाइड गट राबतो, इथं मात्र फॉस्फेट गट. मला हे आजही विलक्षण वाटतं.

मग १जीपीए उघडा, हा फॉस्फोरिलेज ए, म्हणजे फॉस्फेट बसलेलं रूप. १४ व्या सेरिनवर फॉस्फेट दिसेल. तिथून क्रियास्थानापर्यंत अंतर मोजा, ३० अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त भरेल. कळ इतक्या लांब असून दार कसं उघडतं? दोन्ही साखळ्या एकमेकींवर थोड्या फिरतात, त्यांच्या सांध्यावरची हेलिक्स (मळसूत्री वळणं) सरकतात, २८० च्या आसपासचा लूप बाजूला होतो आणि वाट मोकळी होते. हा प्रवास बोटानं स्क्रीनवर तीनदा तरी गिरवा.

तो पक्का झाला की नियंत्रण रटावं लागत नाही. तालमीत बैठका मारणाऱ्या पैलवानाच्या स्नायूत एएमपी (एटीपी खर्च झाल्याची खूण) वाढतो, बी रूप जागं होतं. विश्रांतीत एटीपी आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट त्याला बंद ठेवतात. ॲड्रेनॅलिन आलं की फॉस्फोरिलेज कायनेज सेरिन १४ वर फॉस्फेट बसवतं. यकृतात ए रूपाला ग्लुकोज स्वतःच आवरतो, कारण तिथला साठा रक्तासाठी आहे.

शेवटी एक प्रश्न सोडवा. १९५१ मध्ये मॅकआर्डलनं वर्णन केलेल्या आजारात स्नायूतला हा एन्झाइम नसतो. अशा रुग्णानं जोराचा व्यायाम केला तर रक्तात लॅक्टेट का वाढत नाही? उत्तर तोंडी देऊ नका. साखळीच्या चित्रावर बाण काढून दाखवा.