मचाणापर्यंतची वाट आणि रिकामी बंदूक

दरवर्षी जानेवारीत मी अंबाजोगाईजवळच्या आमच्या शेतावर येतो, तेव्हा हुरड्याला जमलेल्यांत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात निघालेली किंवा तिथून पहिल्यांदाच सुटीवर आलेली दोन-चार तरुण मंडळी असतातच. घरभाडे, थंडीचे कपडे, गाडीचा परवाना हे विषय संपले की अलीकडे एक प्रश्न हटकून निघतो. कामावरचे सहकारी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बोलावतात, तर जावे का? मी स्वतः गेली अठरा वर्षे जात असल्यामुळे जाऊ नका असे सांगणार नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे कायदेशीर शिकार जवळजवळ संपली, आणि परवान्याची बंदूक गावात एखाद्याच घरी, तीही कपाटात कुलूपबंद आणि निवडणूक आली की बहुधा पोलीस ठाण्यात जमा. त्यामुळे आपल्या हाताला तिचे वळण नसते. ते मुद्दाम लावून घ्यावे लागते, आणि त्याची खरी गरज नेम धरताना नव्हे, तर गाडीतून उतरल्यापासून मचाणावर बसेपर्यंतच्या अर्ध्या तासात पडते.

आधी कायद्याचे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि तेथील वैध शिकार परवाना हा त्या मनाईतला एक अपवाद आहे. म्हणून परवाना हातात येण्यापूर्वी मित्राची बंदूक नुसती धरून फोटोसुद्धा काढू नये, आणि व्हिसाच्या स्थितीबद्दल तिळमात्र शंका असेल तर स्थलांतराच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकार करण्याची सवलत सोडली, तर सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केल्याखेरीज परवाना मिळत नाही. सवलत घेऊ शकत असलात तरी हे प्रशिक्षण घ्याच, असा माझा आग्रह आहे.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. पहाटे गडद अंधार असतो, पायाखाली बर्फ असते आणि हातात जाड मोजे असतात. माझ्या पहिल्याच हंगामातल्या अशा एका पहाटे, ज्यांच्या शेतावर आम्ही गेलो होतो त्या वयस्कर गृहस्थांनी मला विचारले, "बंदूक रिकामी आहे ना?" मी लगेच होय म्हणालो, कारण आदल्या संध्याकाळी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, मी स्वतः काढून ठेवले होते. त्यांनी काही न बोलता बंदूक माझ्या हातून घेतली, नळी जमिनीकडे वळवली आणि बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढला. आतून एक काडतूस उडाले आणि बर्फात बोटभर भोक पाडून दिसेनासे झाले. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, चढलेले काडतूस तिथेच राहते, ही गोष्ट मला प्रशिक्षणात शिकवलेली होती आणि तरीही मी ती तपासली नव्हती. तीच बंदूक माझ्या मांडीला टेकून रात्री आम्ही चाळीस मिनिटे गाडीतून आलो होतो. भरलेली लांब नळीची बंदूक वाहनात ठेवायला त्या राज्यात कायद्याने मनाईही आहे. त्या दिवसापासून बोल्ट उघडून चेंबरमध्ये करंगळी घालून पाहिल्याशिवाय मी "रिकामी" हा शब्द उच्चारत नाही. अंधारात डोळ्यांपेक्षा बोटाची खात्री अधिक असते.

चालताना बोल्ट उघडाच ठेवावा आणि बोट चापाच्या कडीबाहेर, दस्त्यावर सरळ ठेवावे. सेफ्टी हा चाप अडवून धरणारा एक यांत्रिक खटका आहे; तो झिजतो, काट्याकुट्यांत अडकून सरकतो, म्हणून त्याच्या भरवशावर भरलेली बंदूक घेऊन चालू नये. दोघे जण मागेपुढे चालत असतील तर पुढच्याने नळी पुढे किंवा बाजूला ठेवावी आणि मागच्याने ती पुढच्याच्या पाठीकडे कधीही वळू देऊ नये. पाय घसरला तर आपण स्वतःला सावरायला पाहतो आणि नळीचे भान सुटते. म्हणून घसरण असेल तिथे ती दोन्ही हातांत धरावी. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो, टोपी घातली तर तिचाही. शिवाय अंधारात मी विजेरी चालू ठेवतो. हरिण बिथरले तरी चालेल, पण दुसऱ्या शिकाऱ्याला मी माणूस म्हणून दिसलो पाहिजे.

कुंपण आपल्याला नवे नाही. धुऱ्यावरची काटेरी तार पायाने दाबून आपण लहानपणापासून पलीकडे जात आलो आहोत, आणि हातात फार तर विळा असायचा. तीच सवय तिथे जिवावर बेतू शकते. आधी बंदूक पुन्हा तपासावी, खालच्या तारेखालून पलीकडे आडवी सरकवावी, नळी आपल्यापासून दूर ठेवावी. मग चार पावले बाजूला जाऊन कुंपण ओलांडावे आणि दस्त्याच्या बाजूने येऊन ती उचलावी. खांबाला टेकवून ठेवलेली बंदूक तारेच्या हिसक्याने पडते. सोबत कोणी असेल तर त्याने ती धरावी आणि नंतर आपण त्याची धरावी.

मचाण म्हणजे आपल्या ज्वारीतला माळाच समजा. फक्त हा माळा झाडाला पट्ट्यांनी आवळलेला, जेमतेम एक माणूस बसेल एवढा, पंधरा-वीस फुटांवर असतो आणि त्यावर गोफण नसते. बंदूक खांद्याला अडकवून शिडी कधीही चढू नये. मचाणाला बांधलेली दोरी खाली सोडलेली असते. तिचे टोक बंदुकीला दस्त्याकडून असे बांधावे की नळी जमिनीकडे राहील आणि दोरी चापाच्या जवळ येणार नाही. नळीच्या तोंडावर मी रबरी टोपण चढवतो, कारण आत बर्फ किंवा चिखल अडकला आणि गोळी झाडली तर नळी फुटू शकते. मग पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा जमिनीवरच बांधून, तो झाडालगतच्या जीवरक्षक दोरीला अडकवून, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले ठेवत सावकाश चढावे. बसून, पट्टा झाडाला घट्ट आहे याची ओढून खात्री केल्यावरच दोरी वर खेचावी. त्या वेळी खाली कोणी उभे नसावे. फांदीत अडकली तर हिसडा न देता थोडी खाली सोडून पुन्हा ओढावी. वर आल्यावर टोपण काढायचे, बोल्ट बाहेर काढून मागच्या बाजूने विजेरीच्या उजेडात नळी आरपार पाहायची, आणि मगच पहिले काडतूस.

उतरताना हाच क्रम उलटा असतो, आणि तिथे घाई अधिक होते, कारण बोटे गारठलेली असतात आणि मन गाडीतल्या गरम चहाकडे लागलेले असते. आधी बंदूक रिकामी करावी, काडतुसे मोजावी, मग बंदूक दोरीने खाली सोडावी, आणि शेवटी आपण उतरावे.

काडतुसे मोजायला मी आग्रहाने सांगतो, त्याचे आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात तोच जाड कोट घालून आपण गावी येतो. खिशाच्या अस्तरात राहिलेले एक जिवंत काडतूस परतीच्या प्रवासात आपल्या विमानतळावरच्या तपासणीत सापडले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि रिकाम्या पुंगळीनेही चौकशी मागे लागते. शिकारीचा कोट मी तळघरात खुंटीला टांगून येतो आणि चिकलठाण्याच्या विमानतळावर दुसऱ्याच कोटात उतरतो.