तैवानच्या देवळात कौल कसा मागायचा

चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे, बहुधा लाल रंगवलेले. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. तैवानच्या बहुतेक देवळांत देवासमोरच्या टेबलावर त्यांची जोडी ठेवलेली असते. मंदारिनमध्ये त्यांना जिआओबेई म्हणतात. पूर्वी ते बांबूच्या मुळापासून करत. आता प्लॅस्टिकचेही मिळतात. घरी जोडी नसेल तर दोन नाण्यांवरही काम भागवतात.

तुकडे कसे पडले यावरून उत्तर कळतं. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. याला शेंगजिआओ म्हणतात. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला असं मानतात. म्हणजे एकतर प्रश्न नीट कळलेला नाही, किंवा उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. ते हसण्याला नकार समजून उठून जातात. खरं तर तिथे प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा असतो.

कौल फसतो तो टाकण्यात नव्हे, विचारण्यात. “नोकरी बदलू का, आणि बदलली तर ताइपेला जाऊ का?” हे दोन प्रश्न झाले. होकार आला तरी तो कशाला, हे कळायला मार्ग नाही. “लग्न कधी होईल?” याचंही उत्तर होय-नाहीत बसत नाही. त्याऐवजी “ताइचुंगची नोकरी पुढच्या महिन्यात स्वीकारली तर माझं बरं होईल का?” असं विचारा. त्यात एकच गोष्ट आहे, ठिकाण आहे, मुदत आहे. “स्वीकारू नये ना?” अशी नकारार्थी मांडणी टाळा, मग होकाराचा अर्थ लावतानाच डोकं फिरतं. प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावा.

देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचं दार ड्रॅगनचं, डाव्या हाताचं वाघाचं. ड्रॅगनच्या दारातून आत जायचं, वाघाच्या दारातून बाहेर पडायचं. मधलं दार देवाचं. उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. उदबत्ती लावायचीच असं आता राहिलेलं नाही. ताइपेच्या शिंगतिआन देवळाने २०१४ मध्ये, तर १७३८ साली उभारलेल्या लोंगशान देवळाने २०२० मध्ये उदबत्त्या बंद केल्या. तिथे नुसते हात जोडतात. जिथे चालते तिथे एक किंवा तीन लावतात आणि डाव्या हाताने धुपाटण्यात खोचतात. नैवेद्याला फळं नेणार असाल तर पेरू आणि टोमॅटो टाळा. त्यांच्या बिया पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात, म्हणून ती देवाला चालत नाहीत. कागदी नोटा जाळायच्या झाल्या तर सोनेरी देवांसाठी, चंदेरी पितरांसाठी आणि भुतांसाठी. ही अदलाबदल मात्र शेजारी उभी असलेली आजीही खपवून घेत नाही.

देवासमोर आधी स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचा, मग प्रश्न. चांद्र पंचांगाची तारीख सांगतात, पण ती माहीत नसेल तर नेहमीची चालते. तुमच्या भाषेत बोललं तरी हरकत नाही. तुकड्यांच्या सपाट बाजू एकमेकींना लावून ते दोन्ही तळहातांत धरा, छातीसमोर आणा आणि नुसते सोडा. भिरकावू नका. जोरात टाकले की एखादा टेबलाखाली जातो आणि मग कौल धरायचा की नाही यावर वाद होतो.

एका प्रश्नाला फार तर तीनदा टाकायचं. मनासारखं उत्तर येईपर्यंत टाकत बसणाऱ्यांना हिशेब कळायला हवा. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर एका वेळी होकार निम्म्यांदा येतो, ओळीने तीन होकार आठांत एकदा. म्हणूनच मोठ्या गोष्टीसाठी सलग तीन होकार मागतात. लोंगशानच्या मागच्या बाजूला युए लाओ हा लग्न जुळवणारा देव आहे. त्याचा लाल धागाही होकार आल्याशिवाय घेत नाहीत.

होय-नाहीत न मावणाऱ्या प्रश्नासाठी चिठ्ठी काढतात. आधी “चिठ्ठी काढू का?” असा कौल घ्यायचा. नकार आला तर तो विषय दुसऱ्या दिवशी. होकार आला तर नळकांड्यातली एक काठी उचलायची, तिच्यावरचा आकडा पाहायचा आणि “हीच का?” असं पुन्हा विचारायचं. काही देवळांत एक होकार पुरतो, काहींत सलग तीन लागतात. तीन लागत असतील तर सरासरी आठेक काठ्या काढाव्या लागतात, तेव्हा घाईत जाऊ नका. मग त्या आकड्याच्या खणातली चिठ्ठी घ्यायची. संच बहुधा ६० किंवा १०० चिठ्ठ्यांचा असतो. चिठ्ठीवर चार ओळींची कविता आणि एखाद्या जुन्या कथेचा उल्लेख असतो. नुसतं शुभ-अशुभ पाहून ती खिशात घालू नका. अर्थ सांगणारी मंडळी अनेक देवळांत बसलेली असतात, त्यांना प्रश्नासकट दाखवा.

हाच कौल गावकीची कामंही उरकतो. वर्षाच्या उत्सवाचा लुझू, म्हणजे धुपाटण्याचा मानकरी, बऱ्याच ठिकाणी असाच ठरतो. इच्छुकांची नावं एकेक करून वाचतात आणि प्रत्येकासाठी तुकडे टाकतात. होकार ओळीने किती आले ते मोजतात, हुकला की पुढचं नाव. ज्याचे सर्वांत जास्त, तो मानकरी. कारखानदार असो वा मासळीवाला, निकालावर भांडायला जागाच उरत नाही. दाजिया गावच्या माझू या समुद्रदेवीची यात्राही दरवर्षी कधी निघणार, हे पहिल्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेच्या रात्री कौल लावूनच ठरतं. नऊ दिवसांच्या त्या पायी यात्रेचं नियोजन त्यानंतर सुरू होतं.

नानतौ जिल्ह्यातलं झुशान इथलं झिनान देऊळ तर कौलावर पैसे उसने देतं. देव भूमीचा, तुदीगोंग. सहा वेळा टाकता येतं. पहिल्याच वेळी होकार आला तर ६०० तैवानी डॉलर, दुसऱ्या वेळी ५००, असं उतरत सहाव्याला १००. सहाही हुकले तर रिकाम्या हाताने परत. वर्षाच्या आत रक्कम फेडायची. व्याज ठरलेलं नाही, पण धंदा चालला की लोक आपणहून जास्त भरतात. जाताना ओळखपत्र विसरू नका. पहिल्या फटक्यात होकार मिळाला तरी त्याच्याशिवाय खिडकीवरून पैसे मिळत नाहीत.