कल्पित रेल्वेमार्गाला इतिहास आणि वाहतूक कशी द्यावी: कोल्हापूर–राधानगरीचे उदाहरण

मॉडेल रेल्वे उभारताना रूळ, इंजिने आणि डोंगरदऱ्या यांवर आपण भरपूर वेळ खर्च करतो. मात्र ही गाडी कोणाचा माल घेऊन कुठे निघाली आहे, हा प्रश्न बहुधा शेवटपर्यंत सुटत नाही. मग गाडी नुसती गोल फिरत राहते आणि काही महिन्यांत ती चालवण्याची हौसही ओसरते. मार्ग कल्पित असायला कसलीच हरकत नाही, पण तो घालण्यामागे कोणाची तरी खरी गरज असली पाहिजे. यासाठी मी एकच पथ्य पाळतो: खऱ्या इतिहासातला फक्त एक निर्णय बदलावा आणि बाकीचा इतिहास, भूगोल, पाऊसपाणी व बाजारपेठ जशी होती तशीच राहू द्यावी. दोन-तीन निर्णय बदलले की पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

म्हणून पहिल्यांदा खरा इतिहास कागदावर उतरवून घ्यावा. कोल्हापूर संस्थानची मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता आणि तो रुंद रुळांचा, म्हणजे ब्रॉडगेज, झाला तो थेट १९७१ मध्ये. दुसरीकडे बार्शी लाइट रेल्वेने १८९७ पासून अडीच फुटी नॅरोगेज (अरुंद रुळांची रेल्वे) चालवली आणि १९२७ मध्ये ती मिरजेपर्यंत आणली. म्हणजे स्वस्तात बांधलेली अडीच फुटी रेल्वे या मुलखाला अनोळखी नव्हती. आपल्या कल्पित मार्गाला एवढा आधार पुरेसा आहे.

आता बदलायचा तो एक निर्णय. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. पुढे पैशाअभावी ते अर्धवट थांबले आणि महाराजांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी पूर्ण झाले. धरणासाठी चुना, यंत्रसामग्री आणि मजुरांसाठी धान्य सुमारे ५० किलोमीटर वाहून न्यायचे, तर दरबाराने कोल्हापूरहून राधानगरीपर्यंत अडीच फुटी रेल्वे घालण्याचे ठरवले, असे आपण मानू. एवढीच कल्पना, यापुढे काहीही मनाने रचायचे नाही, तर परिणाम शोधत जायचे. धरणाचे काम थांबले म्हणजे रेल्वेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक गेला. रूळ तर पडलेले आहेत, उत्पन्न मात्र नाही. तेव्हा गूळ, जंगलातले लाकूड, हिरडा आणि बाजारकरू प्रवासी यांवरच तिला दिवस काढावे लागणार. स्टेशनच्या इमारती साध्या का, सिग्नल मोजकेच का आणि डबे जुने, दुरुस्त करून वापरलेले का, याची उत्तरे इथे आपोआप मिळतात. हाच मार्ग दाजीपूरवरून फोंडा घाटाने कोकणात उतरवण्याचा मोह अनेकांना होईल, कारण घाट आणि बोगदे दिसायला देखणे असतात. पण कोल्हापूर कोकणाला जोडणारी रेल्वे प्रत्यक्षात आजवर झालेली नसताना एका गरीब नॅरोगेजने ती केली, हे कोणालाही पटणार नाही. राधानगरीलाच थांबावे.

यानंतर मॉडेल कोणत्या वर्षाचे आहे, हे पक्के करावे. मी १९५५ सालचा हिवाळा निवडीन. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालेले आहे आणि १९५१ मध्ये मिरज–कोल्हापूर मार्ग चालवणारी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे दक्षिण रेल्वेत गेलेली आहे, त्यामुळे एखाद्या डब्यावर जुन्या नावाची पुसट अक्षरे आणि शेजारच्या डब्यावर नवा रंग, असे दोन्ही दाखवता येते. एसटीची सेवा १९४८ मध्ये सुरू झाली असल्याने प्रवासी हळूहळू रस्त्याकडे वळू लागले आहेत. म्हणून स्वतंत्र प्रवासी गाडी न ठेवता मालडब्यांना दोन प्रवासी डबे जोडलेली मिक्स गाडी चालवावी. दशमान नाणी १९५७ मध्ये आली आणि मेट्रिक वजने त्यानंतर, तेव्हा तिकिटांवर आणे आणि बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) मण-शेर लिहिले पाहिजेत. रेल्वेचा मण ४० शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलोचा, एका टनात साधारण २७ मण बसतात. बिल्टीवर किलो दिसले की वर्ष चुकले, असे समजावे.

सर्वांत जास्त मेहनत वाहतुकीच्या हिशेबावर घ्यावी, कारण किती डबे, किती सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ) आणि किती लांबीचा लूप (गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचा जोडरूळ) हे सारे त्यावरच ठरते. हळदी स्टेशनचे उदाहरण घेऊ. स्टेशनच्या आसपास हंगामात ३० गुऱ्हाळे चालतात आणि प्रत्येक गुऱ्हाळ दिवसाला ६ टन ऊस गाळते, असे गृहीत धरू. उसाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा गूळ उतरतो, म्हणजे गुऱ्हाळामागे ६०० किलो आणि सगळ्यांचा मिळून १८ टन. हा सगळा गूळ रेल्वेने जाईल, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. हळदी कोल्हापूरला जवळ असल्याने शेतकरी बैलगाडी जुंपून थेट शाहूपुरीच्या आडत दुकानात माल टाकणार; रेल्वेच्या वाट्याला फार तर निम्मा येईल. उरले ९ टन, आणि आपला डबा १० टनांचा असेल तर हळदीला रोज एकच डबा भरेल. तेवढ्यासाठी एक छोटा मालधक्का आणि दोन डबे मावतील एवढी सायडिंग पुरते. परिते आणि राधानगरी दूर असल्याने तिथे बैलगाडीचा वाटा कमी धरावा आणि डबे वाढवावेत. असा हिशेब प्रत्येक स्टेशनाचा केला की मार्गाचा आराखडा बराचसा तयार होतो.

उलट दिशेला काय जाते, हेही पाहावे लागते, नाहीतर रिकामे डबे कुठून आले याचा मेळ बसत नाही. राधानगरीकडे मीठ, रॉकेल, पत्रे, खत, कापड आणि धरणाच्या उरलेल्या कामाचे साहित्य जाईल; तिकडून लाकूड आणि हिरडा येईल. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झाले, म्हणून त्यापुढचे वर्ष निवडणाऱ्यांनी लाकडाचे डबे कमी करावेत. कोल्हापूरला नॅरोगेज आणि मीटरगेज समोरासमोर उभे राहून हमाल माल एका डब्यातून दुसऱ्यात टाकतात, असा धक्का अवश्य करावा. या मार्गावरचे सर्वांत गजबजलेले ठिकाण तेच असणार. तिथून गूळ मिरजेमार्गे पुढे जाईल, आणि मीटरगेजच्या बाजूला शाहू मिलचा कोळसा, उद्यमनगरच्या फाउंड्रीचे कच्चे लोखंड व कोक हेही दिसले पाहिजे.

१:८७ या प्रमाणात अडीच फुटी मार्गाची रुंदी ८.८ मिलिमीटर येते, म्हणून एन या आणखी छोट्या मॉडेल मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ आणि त्या मापाच्या इंजिनांची चाके-मोटार वापरता येतात. फक्त एनच्या रुळांचे स्लीपर फार जवळजवळ असतात. ते अंतर वाढवून घ्यावे किंवा खडी-मातीत बुजवावे. मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचा रूळ घ्यावा. खरे ५० किलोमीटर या प्रमाणात ५७५ मीटर होतात, तेव्हा कोल्हापूर, हळदी, परिते आणि राधानगरी एवढीच स्टेशने घ्यावीत. साडेसात मीटरचा डबा सुमारे ८.६ सेंटिमीटरचा होतो. इंजिन, सहा डबे आणि ब्रेकव्हॅन धरून लूप ८० सेंटिमीटरचा ठेवावा.

गाडी चालवण्यासाठी प्रत्येक डब्याचे एक पुठ्ठ्याचे कार्ड करावे आणि त्याला खिसा लावून त्यात बिल्टी ठेवावी. बिल्टीच्या चार कडांवर चार फेऱ्या लिहाव्यात: हळदी ते कोल्हापूर, गूळ, २४० मण, मग कोल्हापूर ते परिते, मीठ, मग परिते ते राधानगरी, रिकामा, मग राधानगरी ते कोल्हापूर, हिरडा. डबा ठिकाणावर पोहोचला की बिल्टी फिरवायची. गार्डाने कार्डे पाहून शंटिंग (डबे जोडणे-सोडणे) ठरवायचे आणि एकेरी मार्गावर टोकन (पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण) हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने स्टेशन सोडायचे नाही, एवढे नियम पाळले तरी दोन-तीन जणांची संध्याकाळ सहज रंगते.

वेळापत्रक दोन करावीत. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघाल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रोज दोन मिक्स गाड्या आणि एक मालगाडी. पावसाळ्यात दिवसाला एकच गाडी, तीही कमी वेगाने. भोगावतीला पूर आला की सखल भागातला मार्ग बंद ठेवावा, कोल्हापूरच्या धक्क्यावर राधानगरीचे डबे साठू द्यावेत आणि पाणी ओसरल्यावर साचलेला माल काढण्यासाठी एक जादा गाडी सोडावी. तिला वेळापत्रकात जागा नसल्याने तिची नेहमीच्या मिक्स गाडीशी कुठल्या लूपवर गाठ घालून तिला पुढे न्यायचे, हे त्या दिवशीच्या स्टेशन मास्तरने ठरवायचे.